बालकांच्या हाती ताल देणारे संगीताचार्य : कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२)

युरोप खंडातील जुन्या वाद्यवृंदांत तालवाद्यांस फारसा मान नसे. व्हायोलिनवाले पुढे, बासरीवाले मध्ये आणि नगारेवाला सर्वांच्या मागे, असा बैठकीचा क्रम असे. नगारा हे तिकडे बरेचसे लष्कराचे वाद्य. शिपायांची पावले एका ठेक्यात पडावीत व सेनापतीचा हुकूम दूरवर पोहोचावा, हे त्याचे काम. मागच्या रांगेतील या वाद्यास ज्या पुरुषाने पुढे आणले आणि शाळकरी मुलांच्या हाती दिले, त्या कार्ल ऑर्फ यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. हे चरित्र साधुपुरुषाचे नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. त्यात मोठे कर्तृत्व आहे, तशी मोठी उणीवही आहे. आणि आईबापांनी व शिक्षकांनी दोहोंपासून बोध घ्यावा, असे आम्हांस वाटते.

जन्म व बालपण

जर्मनीच्या दक्षिणेस बव्हेरिया नावाचा प्रांत आहे. तेथील बहुसंख्य लोक त्या काळी कॅथलिक होते आणि गावोगावी देवळे व मठ आहेत. या प्रांताच्या म्युनिक या राजधानीत १० जुलै १८९५ रोजी कार्लचा जन्म झाला. घराणे कॅथलिक व लष्करी पेशाचे. वडील हाइनरिख हे सैन्यात अधिकारी होते. दोन्ही आजोबा सेनापतीच्या हुद्द्यापर्यंत चढलेले व शिवाय विद्याव्यासंगी होते. वडिलांकडची आजी जन्माने ज्यू कुळातील असून तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई पाउला ही उत्तम पियानो वाजवीत असे. घरात संध्याकाळी वाद्ये वाजत, रस्त्यावरून पलटणीचा बँड जाई आणि सणासुदीला देवळाच्या घंटा घुमत. अशा नादांत हे बालक वाढले. पाचव्या वर्षी आईने त्यास पियानोपाशी बसविले. परंतु नेमून दिलेले धडे गिरविण्यापेक्षा स्वतःच काही वाजवून पाहण्याकडे आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळ रचण्याकडे त्याचा ओढा अधिक होता.

शाळेत मन न रमल्यामुळे त्याने ती अर्धवट सोडली व म्युनिकच्या संगीत विद्यालयात प्रवेश घेतला. तेथील शिक्षण १९१४ साली आटोपल्यावर नाटकगृहात संगीत दिग्दर्शनाचे काम मिळाले. एवढ्यात पहिले महायुद्ध पेटले. १९१७ साली ऑर्फ यांस पूर्वेकडील रणभूमीवर जावे लागले. तेथे खंदक अंगावर कोसळून ते मातीखाली गाडले गेले. जीव वाचला, तथापि काही काळ स्मरणशक्ती, वाचा व हातापायांची हालचाल यांवर आघात झाला. ज्यास एकदा बोलणे व हालणे पुन्हा नव्याने साधावे लागले, त्या मनुष्याने पुढे शब्द, हालचाल व सूर यांचे मूळ एकच आहे असे मुलांस शिकवावे, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

म्युनिकची शाळा

युद्धानंतरच्या दारिद्र्याच्या दिवसांत, १९२४ साली, डोरोथी ग्युंथर या बाईंनी म्युनिक येथे तरुण मुलींकरिता एक शाळा काढली. व्यायाम, नृत्य व संगीत ही तिन्ही एकत्र शिकवावीत असा त्यांचा हेतू होता. संगीत विभागाचे प्रमुखपद ऑर्फ यांनी स्वीकारले. त्या वेळी त्यांचे वय २९ वर्षांचे होते.

शाळेत येणाऱ्या कित्येक मुलींनी पूर्वी कोणतेही वाद्य हाती धरले नव्हते. पियानो वा व्हायोलिन शिकवावे तर वर्षानुवर्षे लागणार. आणि नृत्यास तर संगीत आजच हवे. ऑर्फ यांनी हा पेच साध्या मार्गाने सोडविला. परमेश्वराने प्रत्येकास जे वाद्य जन्मतःच दिले आहे, त्यापासूनच त्यांनी आरंभ केला. टाळी, चुटकी, मांडीवरची थाप आणि पायाचा ठेका या चार नादांतून मुलींस लय समजू लागली. मग डफ, ढोल, झांजा, खुळखुळे, लाकडी ठोकळे, त्रिकोणी घंटा व नगारे आले. नाचणाऱ्या मुलीने वाजवावे आणि वाजविणाऱ्या मुलीने नाचावे, असा शाळेचा परिपाठ होता. त्यामुळे वाजविणारीस नाचणारीच्या श्वासाची व पावलाची जाणीव असे.

केवळ ठेक्याने गाणे होत नाही. त्यास सूरही हवा. याच सुमारास आफ्रिकेकडील एक काष्ठतरंग ऑर्फ यांच्या पाहण्यात आला. लाकडाच्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या आणि काठीने वाजवावयाच्या, अशी त्याची साधी रचना होती. त्यांनी म्युनिकचे वाद्यकारागीर कार्ल मेंडलर यांची मदत घेतली. मेंडलर यांनी १९२८ च्या सुमारास लाकडी पट्ट्यांची व धातूच्या पट्ट्यांची लहानमोठी वाद्ये सिद्ध केली. पट्ट्यांखाली लाकडी पेटी असल्यामुळे नाद भरदार व गोड येई. त्यांत रेकॉर्डर या जुन्या लाकडी बासरीची भर पडली आणि एक निराळाच वाद्यवृंद उभा राहिला.

या कामी ऑर्फ यांस एक शिष्या लाभली, तिचा उल्लेख न केल्यास अन्याय होईल. गुनिल्ड केटमन ही १९२६ साली विद्यार्थिनी म्हणून शाळेत आली आणि थोड्याच काळात शिक्षिका झाली. शाळेच्या वाद्यवृंदाचे प्रत्यक्ष नेतृत्व ती करी, रचना करी, नव्या वाद्यांवर काय साधते ते आधी आपण वाजवून पाही. शाळेच्या मुली गावोगावी कार्यक्रम करीत, तेव्हा त्यामागील पुष्कळशी मेहनत तिची असे. जगाने या पद्धतीस ऑर्फ यांचे एकट्याचे नाव दिले. परंतु त्या इमारतीचा अर्धा भार केटमन यांच्या खांद्यावर होता, हे जाणत्यांनी मान्य केले आहे.

शिकविण्याची रीत

ही रीत आपल्या वाचकांस समजणे कठीण नाही. लहान मूल कोकिळेची नक्कल करताना वा सवंगड्यास हाक मारताना ज्या दोन सुरांवर सहज जाते, ते आपल्या भाषेत पंचम व गांधार होत. ऑर्फ यांनी सुरांचा आरंभ या दोहोंपासून केला. हळूहळू त्यांत आणखी सूर मिळवून पाच सुरांचा संच तयार होई. सा, रे, ग, प, ध हे ते पाच सूर, म्हणजे आपल्याकडील भूप रागाचेच. मध्यम व निषाद नसल्यामुळे एकमेकांस टोचणारे सूर त्यांत येत नाहीत. मुलांनी कोणतीही पट्टी वाजविली तरी कर्कशपणा होत नाही. वाद्यांच्या पट्ट्या उचलून बाजूस ठेवता येतील अशाच बनविल्या होत्या. शिक्षकाने नको असलेल्या दोन पट्ट्या काढल्या की चूक होण्याची वाटच बंद. भीतीने आखडलेला हात अशा रीतीने मोकळा होतो.

खाली एका मुलाने सा व प हे सूर तंबोऱ्याप्रमाणे सतत धरावेत; दुसऱ्याने एकच लहानसा ठेका पुनःपुन्हा वाजवावा; तिसऱ्याने त्यावर गाणे गावे. आपल्या भजनात धृपद सर्वांनी म्हणावे आणि मधले चरण एकट्याने, तशी येथेही पाळी असे. सर्वांचे धृपद संपले की एका मुलाने आपल्या मनाचे चार ठेके वाजवावेत आणि पुन्हा सर्वांनी धृपद उचलावे. यात हुशार मुलास वाव आहे आणि मंद मुलासही जागा आहे. ज्यास केवळ एकच ठोका येतो, त्याचा तो ठोका चुकला तर सर्वांचे गाणे अडते. म्हणून त्यासही आपली किंमत कळते. दुसऱ्याचे ऐकल्यावाचून आपले वाजविता येत नाही, हा या शिक्षणाचा गाभा होय.

बर्लिनमधील सरकारी शिक्षणखात्यात लिओ केस्टेनबर्ग नावाचे संगीतज्ञ अधिकारी होते. ही पद्धत प्राथमिक शाळांतून चालू करावी असा त्यांचा मानस होता. १९३० नंतर माइन्ट्स शहरच्या शॉट या प्रकाशन संस्थेने ऑर्फ यांची पुस्तकेही छापण्यास घेतली. परंतु १९३२ साली केस्टेनबर्ग यांस पदावरून दूर व्हावे लागले. आणि १९३३ साली हिटलरचे राज्य आले. ज्यू असलेल्या केस्टेनबर्ग यांस देश सोडणे भाग पडले. शाळांतील योजना जागच्या जागी बारगळली.

परीक्षेचा काळ

आता या चरित्रातील दुःखद भाग सांगितला पाहिजे. नव्या राजवटीस ढोलांची आवड होती. मात्र तो ढोल सर्वांस एका हुकमाखाली चालविणारा होता. ऑर्फ हे हिटलरच्या पक्षाचे सभासद कधी झाले नाहीत. आजीच्या ज्यू कुळामुळे त्यांस स्वतःस भय होते आणि त्यांच्या संगीतावर पक्षातील काही टीकाकार रुष्टही होते. तथापि त्यांनी उघड विरोध केला नाही, देश सोडला नाही आणि मिळालेले काम नाकारले नाही. १ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिन येथे ऑलिम्पिक खेळांचा आरंभ झाला. त्या रात्री स्टेडियमवर झालेल्या भव्य सोहळ्यात मुलामुलींच्या नृत्यास ऑर्फ व केटमन यांचे संगीत होते. म्युनिकच्या एका खोलीत मुलींस परस्परांचे ऐकावयास शिकविण्याकरिता जी वाद्ये घडली, ती एका जुलमी राजवटीच्या वैभवाचे प्रदर्शन करण्यास उपयोगी पडली.

८ जून १९३७ रोजी फ्रांकफुर्ट येथे त्यांच्या कार्मिना बुराना या रचनेचा पहिला प्रयोग झाला व त्यांची कीर्ती पसरली. या रचनेतील गीते बेनेडिक्टबॉयर्न या बव्हेरियातील जुन्या मठात सापडलेल्या, १३ व्या शतकातील हस्तलिखितातून घेतलेली आहेत. मठातले हस्तलिखित म्हणून ती भक्तिगीते असावीत असा कोणी समज करून घेऊ नये. नशिबाचे फेरे, वसंत, मद्य व प्रीती हे त्यांचे विषय आहेत. तालवाद्यांचा त्यातील घोष मात्र जगभर गाजला. यानंतर फ्रांकफुर्ट शहराच्या सांगण्यावरून त्यांनी शेक्सपियरच्या एका नाटकास नवे संगीत दिले आणि १९३९ साली ते सादर झाले. मेंडेलसोन यांचे त्या नाटकाचे प्रसिद्ध संगीत ते जन्माने ज्यू होते एवढ्याच कारणावरून बंद करण्यात आले होते. ती रिकामी केलेली जागा ऑर्फ यांनी भरली.

सर्वांत कठीण घडी १९४३ साली आली. म्युनिक विद्यापीठातील प्राध्यापक कुर्ट हुबर हे ऑर्फ यांचे मित्र. ते निष्ठावंत कॅथलिक व लोकगीतांचे संशोधक होते. दोघांनी मिळून बव्हेरियातील लोकगीतांवर काम केले होते. हुबर यांनी विद्यार्थ्यांच्या श्वेत गुलाब या गुप्त मंडळात भाग घेऊन राजवटीविरुद्ध पत्रक लिहिले. फेब्रुवारीत त्यांस अटक झाली आणि १३ जुलै १९४३ रोजी त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांच्या पत्नीने पुढे सांगितल्याप्रमाणे, अटकेचे वर्तमान कळताच ऑर्फ यांच्या मनात प्रथम आपल्याच सर्वनाशाचे भय उभे राहिले. त्यांनी आपले वजन खर्ची घालावे ही तिची आशा फळास आली नाही. एका मित्राने सत्याकरिता प्राण दिले. दुसरा गप्प राहिला. युद्ध संपल्यावर अमेरिकन अधिकाऱ्यांपुढे चौकशी होऊन ऑर्फ यांस काम करण्याची मोकळीक मिळाली. श्वेत गुलाब मंडळाच्या स्थापनेत आपला हात होता असे ते तेव्हा म्हणाल्याचे मागाहून छापले गेले. परंतु या म्हणण्यास आधार सापडत नाही आणि असे विधान त्यांनी केले की नाही, यावर इतिहासकारांचा वाद आहे.

त्यांनी मृत मित्रास उद्देशून एक पत्र लिहिले व ते हुबर यांच्या स्मृतिग्रंथात छापले गेले. १९४७ साली रंगभूमीवर आलेले आपले बेर्नाउअरिन हे नाटकही त्यांनी हुबर यांच्या स्मृतीस अर्पण केले. आग्नेस बेर्नाउअर ही १५ व्या शतकातील सामान्य घरची स्त्री. सत्ताधाऱ्यांनी तिला अन्यायाने बुडवून मारले. निरपराध मनुष्याच्या मृत्यूची ही कथा त्यांनी कोणाचे स्मरण करून लिहिली, हे या अर्पणावरून समजते.

राखेतून पुनरुत्थान

ग्युंथर बाईंची शाळा १९४४ साली सरकारने ताब्यात घेतली आणि जानेवारी १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात इमारत जळून गेली. बहुतेक सर्व वाद्ये व कागदपत्रे नाहीशी झाली. वीस वर्षांच्या खटपटीतून थोडी राख उरली, असेच कोणीही म्हटले असते.

परंतु १९४८ साली बव्हेरियाच्या आकाशवाणीकडून ऑर्फ यांस विचारणा झाली. शाळेची एक जुनी ध्वनिमुद्रिका तेथील एका गृहस्थांच्या हाती लागली होती. असेच संगीत मुलांकरिता, मुलांनीच वाजविण्याजोगे, करून द्याल काय, असा प्रश्न होता. पूर्वीची शाळा तरुण मुलींची होती. आता प्रत्यक्ष बालकांपर्यंत जाण्याचा मार्ग उघडला. १५ सप्टेंबर १९४८ रोजी पहिला कार्यक्रम झाला. केटमन मुलांस घेऊन वाजवीत व घरोघरची मुले रेडिओपाशी बसून ऐकत. भग्न शहरांत राहणाऱ्या व युद्धाखेरीज फारसे काही न पाहिलेल्या त्या मुलांस टाळी वाजविण्याचे निमित्त मिळाले. त्याच वर्षीच्या नाताळाकरिता ऑर्फ यांनी बव्हेरियाच्या बोलीत ख्रिस्तजन्माची कथा लिहिली व केटमन यांनी तीस मुलांच्या वाद्यांचे संगीत दिले. गव्हाणीभोवती जमलेल्या मेंढपाळांची ही कथा आजही तिकडील मुले नाताळात सादर करतात.

वाद्ये उरली नव्हती. तेव्हा क्लाउस बेकर या तरुण कारागिराने टंचाईच्या त्या दिवसांत मिळेल ते सामान जमवून नवी वाद्ये घडविली व १९४९ साली त्याचा कारखाना काढला. १९५० ते १९५४ या काळात मुलांच्या संगीताचे पाच भाग छापून निघाले. १९६१ साली ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे या पद्धतीचे शिक्षक तयार करणारी संस्था सुरू झाली. कॅनडा, इंग्लंड, जपान अशा देशांत ही रीत पोहोचली. दर ठिकाणी तेथील मुलांची बोली, बडबडगीते व लोकगीते घेऊनच शिकवावे, जर्मन गाणी तशीच्या तशी लादू नयेत, असा ऑर्फ यांचा कटाक्ष असे. अपंग व मतिमंद मुलांच्या उपचारांतही या वाद्यांचा उपयोग होऊ लागला, आणि त्यात त्यांच्या द्वितीय पत्नी गेरट्रूड यांनी विशेष काम केले.

२६ ऑगस्ट १९७२ रोजी ऑलिम्पिक खेळ म्युनिक येथे सुरू झाले, तेव्हाही मुलांनी ऑर्फ यांच्या संगीतावर नृत्य करून जगातील पाहुण्यांचे स्वागत केले. छत्तीस वर्षांपूर्वीची बर्लिनची ती रात्र कित्येकांस आठवली असेल. यावेळी सभोवती जुलमाचे निशाण नव्हते. तथापि दहा दिवसांतच दहशतवाद्यांनी इस्रायलचे ११ जण ठार केले व त्या मेळ्यावर काळी छाया पडली. केवळ मधुर संगीताने मनुष्याचे हृदय पालटत नाही, हा धडा ऑर्फ यांच्या आयुष्यात असा दोनदा लिहिला गेला.

अखेरचे दिवस

त्यांचे गृहस्थजीवन आदर्श नव्हते. त्यांनी चार विवाह केले. धर्माविषयीचे त्यांचे चिंतन मात्र उतारवयात वाढत गेले. २० ऑगस्ट १९७३ रोजी साल्झबर्ग येथे त्यांचे अखेरचे मोठे नाट्य सादर झाले. त्याचा विषय जगाचा अंत हा होता. नाट्याच्या शेवटी पतित देवदूत लुसिफर उधळ्या पुत्राप्रमाणे पित्यापुढे आपल्या पापाची कबुली देतो आणि सर्व काही पुन्हा देवाकडे परतते. पतित दूतांसही अखेर तारण मिळेल, ही पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तरी ज्याने आपल्या मौनाविषयी उघडपणे फारसे काही सांगितले नाही, त्याने वयाच्या ७८ व्या वर्षी रंगभूमीवर पापनिवेदनाचे ते दृश्य आणावे, यात वाचणाऱ्याने काय वाचावे ते ज्याचे त्याने ठरवावे. न्याय करणारा परमेश्वर आहे.

२९ मार्च १९८२ रोजी म्युनिक येथे, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. अमरसे सरोवराजवळ आंदेक्स नावाच्या टेकडीवर बेनेडिक्ट पंथाच्या मठवाश्यांचे देऊळ आहे व शतकानुशतके तेथे यात्रेकरू जातात. त्या देवळातील दुःखी मातेच्या चॅपेलमध्ये त्यांस पुरण्यात आले. परम अंत अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द थडग्यावर कोरलेले आहेत. ते त्यांच्या त्या शेवटच्या नाट्यातीलच होत.

बोध

प्रिय वाचकहो, हुबर यांनी प्राण देऊन जे धैर्य दाखविले ते ऑर्फ यांस दाखविता आले नाही. आणि ऑर्फ यांनी मुलांकरिता जे निर्माण केले ते भित्र्या हातांतून आले म्हणून टाकाऊ ठरत नाही. परमेश्वर आपली देणगी मातीच्या भांड्यांतून वाटतो. आपण भांड्याची पूजा करू नये, तशी देणगीही फेकून देऊ नये.

आपल्या धर्मग्रामात मुले आहेत, आणि मुलांच्या हातांत ठेका आहे. तो ठेका कोणासाठी व कशासाठी वाजावा, हे शिकविणे आपल्याकडे आहे. एकाच ढोलाने पलटण चालते आणि एकाच ढोलाभोवती लेकरे फेर धरतात. शेजाऱ्याचे ऐकून आपली पाळी ओळखणारे मूल पुढे देवाचेही ऐकेल, आणि जेव्हा जुलमाचा ढोल वाजेल तेव्हा त्याच्या तालावर पाऊल न टाकण्याचे बळ त्यास यावे, अशी आपण प्रार्थना करू. त्याकरिता संगीताच्या जोडीस सत्याचे शिक्षणही मुलांस घरी व शाळेत मिळाले पाहिजे. ऑर्फ यांनी मुलांस लय दिली. तिला धैर्याची जोड देणे हे आईबापांचे व आम्हां धर्मगुरूंचे काम आहे.